ओठ मिट, दात सोड
परीक्षेच्या दिवसांत मी झोपेत दात आवळायचे. सकाळी जबडा इतका दुखायचा की इंदूरच्या सराफ्यातला पानीपताशासुद्धा तोंडात मावेना. दातांच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुचवली. गालांवर चिकट पॅड लावून टेन्सचं मशीन सुरू केलं की मुंग्या चालल्यासारखं वाटे. ही झिणझिण दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेतच अडवते. मेलझॅक आणि वॉल यांनी ही कल्पना १९६५ मध्ये मांडली.

मशीन घरी आणलं, तशी आजी म्हणाली, "माझ्या गुडघ्यालाही लाव गं!" पण तिला पेसमेकर आहे. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी कशी लावणार? आजी रुसली.

मशीननं दुखणं कमी झालं, सवय मात्र सुटली नाही. आता झोपताना आजीच बजावते, "ओठ मिट, दात सोड."