‘आलो’ की ‘आले’

माझ्या नव्या कुमार कादंबरीतली मुलगी गडहिंग्लजहून पुण्याच्या वसतिगृहात येते. हस्तलिखित मी कागलच्या एका नववीतल्या मुलीला वाचायला दिलं. चार पानं वाचून तिनं विचारलं, “मॅडम, ही घरातबी असंच बोलती व्हय?”

पुढचे आठ महिने काम अडलं.

आमच्या कोल्हापूरकडे बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. संवादात ते लिहिणं सोपं. पेच आहे तो निवेदनाचा. खोलीतला दिवा मालवलाय, मुलगी स्वतःशीच बोलतेय, तेव्हा तिच्या ‘मी’ला कुठलं क्रियापद लावू? ‘आलो’ लिहिलं तर नागपूरचा वाचक तिला मुलगा समजेल. ‘आले’ लिहिलं तर गाडी पुण्याला पोचायच्या आधीच ती हरली. वसतिगृहातल्या मुली तिला हसतात तिथपर्यंत ‘आलो’, पुढे ‘आले’, असंही करून पाहिलं. पण नेमकं कुठल्या वाक्यात बदलायचं? ते सातवं प्रकरण मी अकरा वेळा लिहिलं.

मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तल्या मुकुंदाला ही अडचण नव्हती, मुलाचा ‘मी’ कुठेही ‘आलो’च म्हणतो. प्रकाश नारायण संतांनी ‘वनवास’मध्ये (१९९४) लंपनचं बेळगावकडचं, कानडी वळणाचं मराठी निवेदनातसुद्धा राखलं. ते धाडस मला फार मोठं वाटतं. पण लंपनही मुलगाच. हल्लीच्या कुमार कादंबऱ्यांतल्या मुली कुठल्याही गावच्या असोत, विचार करतात प्रमाणभाषेत, आणि शेवटच्या प्रकरणात त्यांना स्वतःची ओळख सापडते. मला त्या खोट्या वाटतात. माझ्या आधीच्या तिन्ही कादंबऱ्या त्यातल्याच.

मी स्वतः कॉलेजसाठी पुण्यात आले आणि महिन्याभरात ‘आलो’ सोडलं. “तू कोल्हापूरची वाटतच नाहीस,” असं कुणी म्हटलं की सुख वाटायचं. सुट्टीत घरीही मी ‘आले’च म्हणायचे. आई एकदा म्हणाली, “पाव्हणीगत बोलतीस की गं.” मला तेव्हा त्याचाही अभिमान वाटला. पुढे भाषणं संपल्यावर “किती शुद्ध बोलता!” हे ऐकायला मी मुद्दाम रेंगाळायचे.

आता कादंबरीभर ती मोठ्यानं ‘आले’ म्हणते आणि मनात ‘आलो’, अगदी शेवटच्या पानापर्यंत. पुस्तक मुद्रितशोधनाला जातंय. तिथल्या मंडळींना हात जोडून विनंती आहे: या मुलीचं एकही ‘आलो’ दुरुस्त करू नका.