आमची डावी दाढ

माणसाला बत्तीस दात असतात हे आम्ही लहानपणी शाळेत पाठ केले आणि मोठेपणी शाळेतच मुलांकडून पाठ करून घेत आलो. परंतु त्या बत्तिसांपैकी एकेकाला स्वतंत्र राग आणि स्वतंत्र इतिहास असतो, हे कळण्यास आम्हांस वयाची पस्तिशी गाठावी लागली. ज्या दाढेने आम्हांस ही विद्या दिली ती खालच्या जबड्यात, डाव्या बाजूस, मध्यापासून मोजत गेल्यास सहावी बसलेली आहे. 'आहे' असे वर्तमानकाळात लिहिताना आम्हांस आजही किंचित अभिमान वाटतो.

ही दाढ साधारण वयाच्या सहाव्या वर्षी येते. दुधाचा एकही दात न पाडता ती सर्वांच्या मागे निमूटपणे उगवते. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांची समजूत होते की हीदेखील दुधाचीच. किडली तर पडेल आणि दुसरी येईल. ती दुसरी कधीच येत नाही. आमच्या घरीही हाच समज होता, आणि आमच्या दाढेवरचा काळा ठिपका पुष्कळ वर्षे तिळासारखा निरुपद्रवी मानला गेला.

सुरतेस उन्हाळ्यात 'कोल्ड कोको' नावाचे एक दाट, गारेगार पेय मिळते. एका संध्याकाळी त्याचा पहिला घोट घेतला मात्र, डाव्या जबड्यातून थेट कानापर्यंत एक कळ सळसळत गेली आणि दोन क्षणांत नाहीशी झाली. शहाण्या माणसाने तेव्हाच दंतवैद्याचे दार गाठले असते. आम्ही उजव्या बाजूने पिऊ लागलो.

पुढे लवंग आली. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य खरोखरच बधिरता आणते, तेव्हा आजीबाईंच्या बटव्याला आम्ही हसणार नाही. परंतु बधिर करणे निराळे आणि बरे करणे निराळे. पावसाळा लागेपर्यंत गार पदार्थांऐवजी गरम चहाच सोसवेनासा झाला, आणि कळ एकदा उठली की घटकाभर जाईना. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितले की येथेच खरी पायरी ओलांडली जाते. गाराने कळ येऊन चटकन जाते तोवर दाताच्या आतील जीव बहुधा वाचण्याजोगा असतो; उष्णतेने उठून कळ रेंगाळू लागली की तो परतीच्या वाटेवर नसतो.

आम्ही कोसाडला राहतो. तापीच्या उत्तरेस, सुरतेहून बडोद्याकडे निघाले की उत्राणनंतर येणारे हे स्थानक. हे गाव २००६ साली सुरत महानगरपालिकेत सामील झाले. पण रेल्वेचा रूळ जेथे होता तेथेच आहे आणि मुंबईहून उत्तरेकडे धावणाऱ्या गाड्या रात्रभर येथून जातात, बहुतेक न थांबता. आडवे झाले की डोक्याकडील रक्ताचा जोर वाढतो आणि त्याबरोबर दाढेची कळही वाढते. म्हणून आम्ही अंथरुणात बसून गाड्या मोजू लागलो. प्रवासी गाडी एका दमात निघून जाई. मालगाडी मात्र मोठी उपकारक. तिचे डबे मोजण्यात चांगला वेळ जाई.

याच दिवसांत आमच्या हातून एक गोष्ट घडली. ती ज्याच्या बाबतीत घडली त्या मुलाची परवानगी घेऊनच येथे लिहीत आहोत. आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावरचा हा मुलगा आठवडाभर गालाला हात लावून, मान कलती करून बसे. आम्ही स्वतः रात्रभर जागलेले. आम्हांस वाटले, हा झोपा काढतो. आम्ही त्याला उभे करून कविता म्हणावयास लावली. त्याच्या तोंडून धड शब्द फुटेनात. वर्ग हसला. लाज वाटते, पण आम्हीही हसलो. दुसऱ्याची दाढ आमच्या ध्यानात यावी म्हणून आमची स्वतःची दुखत होती की काय, असा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. चार दिवसांनी तो पुन्हा ताठ बसलेला दिसला. "काय रे, बरा झालास?" असे विचारताच म्हणाला, "हो सर, आता दुखत नाही."

आणि काय आश्चर्य, थोड्याच दिवसांत आमचीही दाढ दुखावयाची थांबली! एका पहाटे उठलो तो जबडा शांत. आम्ही गरम चहा प्यालो, गार पाणी प्यालो, त्या दिवशी दातही होते आणि चणेही होते, म्हणून मूठभर चणे चावून पाहिले. घरी सांगितले की लवंगेने गुण दिला. महिनाभर आम्ही हाच आनंद भोगला. नंतर हिरडीवर एक बारीक पुळी दिसू लागली आणि एका रविवारी गाल असा सुजला की आरशातील गृहस्थ आम्हांस अपरिचित वाटला.

दूरध्वनीवरून मातोश्रींनी आपल्या कोकणीत निर्णय देऊन टाकला, "दांत वता जाल्यार वचूं दी, जीव सांबाळ." म्हणजे दात जातो तर जाऊ दे, जीव सांभाळ. शेजारच्या काकांनी शास्त्राधार दिला की मेलेला दात तोंडात ठेवला तर त्याचे विष अंगभर पसरते. ही समजूत निव्वळ अडाणी नव्हे. विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश वैद्याने १९१० साली माँट्रियल येथे एका व्याख्यानात दातांच्या विषावर असाच हल्ला चढविला, आणि पुढे कित्येक वर्षे संधिवातापासून वेडापर्यंत नाना रोगांवर उपाय म्हणून लोकांचे दात सरसकट उपटले गेले. रोग बहुधा तेथेच राहिले, दात मात्र गेले. नंतर ते मत मागे पडले. परंतु मते मागे पडली तरी आमच्या शेजारापर्यंत ही बातमी पोचण्यास काळ लागतो.

डॉक्टरीणबाई गुजराती. तोंडात पाहून पहिले वाक्य त्यांनी उच्चारले ते, "बहु मोडा आव्या." फार उशिरा आलात. मग क्ष-किरणांचे चित्र पडद्यावर दाखविले. दाढेच्या दोन मुळांपैकी एकाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग होता. तेवढे जबड्याचे हाड विरघळले होते.

"पण मध्यंतरी महिनाभर मुळीच दुखत नव्हती," आम्ही तक्रारीच्या सुरात म्हणालो.

"दुखणार कोण? आतली शीर मेली होती," त्या म्हणाल्या.

दाताचे वरचे कवच मानवी शरीरातील सर्वांत कठीण वस्तू आहे. त्याच्या आत दंतिन, आणि अगदी गाभ्यात मऊ मगज. त्यात शिरा आणि रक्तवाहिन्या. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल कवच झिजवीत आत जाते, हे विलोबी मिलर याने बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांतून १८९० च्या सुमारास दाखविले. त्यापूर्वी जगभर लोक दातात खरोखरीचा किडा असतो असेच मानीत. आपल्या वैद्यकातही या रोगाला कृमिदंत म्हणतात आणि आपण अजून 'दाढ किडली' असेच म्हणतो. जंतू गाभ्यापाशी पोचले की मगज सुजतो. बोट सुजले तर त्याला फुगावयास जागा असते. येथे चहूबाजूंनी भिंती! कोंडलेली सूज स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून टाकते, मगज मरतो, दुखणे थांबते, आणि जंतूंना मुळाच्या टोकापर्यंत रस्ता मोकळा होतो. म्हणजे ज्या पहाटे आम्ही चणे खाल्ले ती आमच्या दाढेच्या सुतकाची पहाट होती.

दोन मार्ग होते. दाढ काढावयास पाचशे रुपये. वाचवावयास, वरच्या टोपीसह, सात हजार आणि चार खेपा. शिक्षकाच्या मनात पहिला आकडा फार गोड वाटतो. बाईंनी तोही हिशेब पुरा करून दिला. एक दाढ काढली की शेजारच्या त्या रिकाम्या जागेत कलतात, समोरची वरची दाढ आधार सुटल्याने खाली उतरू लागते, फटींत अन्न अडकते. आम्ही दुसरा मार्ग धरला.

सुईने अर्धा ओठ आणि अर्धी जीभ परकी झाली. घरची कोकणी, शाळेची मराठी आणि बाजारची गुजराती या तिन्ही भाषा आम्ही एकदम विसरलो व 'अं' एवढ्या एकाच अक्षरावर आलो. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसविला, म्हणजे थुंकी आत जाऊ नये आणि औषध घशात उतरू नये. मग हिऱ्याच्या कणांचा मुलामा दिलेल्या बारीक गिरमिटाने दाढेला वरून छिद्र पाडले. ज्या शहरात हजारो हात हिऱ्याला पैलू पाडतात, तेथे हिऱ्यानेच आम्हांस पैलू पाडावेत हे योग्यच झाले.

आमच्या दाढेला मुळे दोन, पण नळ्या तीन निघाल्या. प्रत्येकीत सुईहून बारीक कानशी घालून बाई आतला कुजका मगज काढीत आणि भिंती घासून घेत. नळीची लांबी एका यंत्राला जोडलेल्या तारेने मोजली जाते. टोक जवळ आले की यंत्र बीप बीप करते. वीस-एकवीस मिलिमीटरांच्या त्या बोगद्यात अर्धा मिलिमीटर कमी पडला तर घाण उरते आणि जास्त झाला तर कानस हाडात शिरते. नंतर नळ्या सोडियम हायपोक्लोराइटने पुनःपुन्हा धुतल्या. कपडे शुभ्र करणाऱ्या ब्लीचमध्ये असते तेच हे द्रव्य. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमाही ते सौम्य करून धूत असत. खुर्चीवर पडल्या पडल्या आम्हांस दिवाळीपूर्वी माळे धुणाऱ्या आमच्या मातोश्री आठवल्या. कोपरा राहता कामा नये, हाच दोघींचा आग्रह.

तिसऱ्या खेपेस नळ्या भरल्या, त्या गटापर्चा नावाच्या गुलाबी काड्यांनी. मलाया द्वीपकल्पातील एका झाडाचा हा चीक. गरम केला की मऊ होतो, निवला की घट्ट बसतो, आणि शरीर त्याला शत्रू मानीत नाही. मुळाच्या नळीत तो भरण्याची सुरुवात अमेरिकेत १८६७ साली बोमन नावाच्या दंतवैद्याने केली. गंमत अशी की १८७० साली एडनहून मुंबईच्या किनाऱ्याला जी समुद्री तार येऊन लागली, तिच्यावरचे आवरणही याच चिकाचे होते. ज्याने तेथे अरबी समुद्राचे पाणी बाहेर थोपविले, तो येथे आमची लाळ थोपवितो.

पण आम्ही जे सांगावयाचे ते राहूनच चालले आहे. दुसऱ्या खेपेस, तोंड उघडे आणि हात खुर्चीच्या दांड्यावर, अशा अवस्थेत आम्हांस एकाएकी तिसरा बाक आठवला. "हो सर, आता दुखत नाही." आम्ही एवढे दचकलो की बाईंनी हात मागे घेतला आणि दुखले काय म्हणून विचारले.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील लूमच्या कारखान्यात रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत होते. खानदेशातील माणूस, आदबीने खुर्ची पुढे केली. आम्ही अर्ध्या बधिर तोंडाने दाढेचे पुराण सांगू लागलो तेव्हा त्यांना प्रथम वाटले की मुलाने शाळेत काही आगळीक केली. मग म्हणाले, "सर, एक दाढ गेली तर काय बिघडतं? आमच्या तर चार गेल्यात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सात हजार म्हणजे त्या घरात काय, हे आम्हांस स्वयंपाकघराकडे न पाहताही कळत होते. आम्ही एवढेच म्हटले की आधी चित्र तरी काढू. पैशांचे आमच्याकडे लागले.

शनिवारी मुलाला घेऊन गेलो. वरची उजवी, तीच सहाव्या वर्षीची दाढ. बाईंनी आरसा फिरवून फिरवून पाहिले, चित्र दोनदा पाहिले आणि मान हलविली. कीड हिरडीच्या खाली, मुळांच्या फाट्यापर्यंत गेली होती. टोपी बसवावी तर खाली भिंतच उरली नव्हती. मुलाला बाहेर बसवून आम्ही विचारले, "महिनाभर आधी आलो असतो तर?"

"महिन्याने काही फरक पडला नसता. तीन वर्षांनी पडला असता," बाई म्हणाल्या. या उत्तराने आमचे समाधान व्हावयास हवे होते. तीन वर्षांपूर्वी तो आमच्या शाळेतही नव्हता. तरीही गालावरचा तो हात आणि त्यावर उठलेले हसू काही केल्या त्या हिशेबात बसेना.

दाढ काढली. पण तेवढ्यात बाईंना त्याच्या डाव्या बाजूच्या दाढेवर तसाच तिळाएवढा ठिपका सापडला. तो अद्याप कवचातच होता. वीस मिनिटांत घासून, सिमेंट भरून मोकळे केले. सुईसुद्धा लागली नाही. वडिलांनी त्याचे पैसे आग्रहाने स्वतः दिले.

आमच्या दाढेवर दिवाळीच्या सुट्टीत टोपी चढली. शीर गेलेला दात ठिसूळ होतो. त्याचा पुष्कळसा भाग आधी किडीने आणि मग गिरमिटाने नेलेला असतो, म्हणून हे शिरस्त्राण. सहा महिन्यांनी काढलेल्या चित्रात मुळाशी असलेला काळा डाग निम्म्याहून कमी झालेला दिसला. तेथे हाड पुन्हा भरून येत आहे.

सोमवारी शाळा भरण्यापूर्वी तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा होता. त्याने खिशातून कागदाची पुडी काढून आमच्या टेबलावर उलगडली. आत धुऊन स्वच्छ केलेली दाढ.

"सर, तुम्ही शुक्रवारी वर्गात सांगितलंत की दाढेला दोन मुळं असतात."

"असतात."

"हिला तीन आहेत. मी मोजली."

आम्ही चष्मा लावून पाहिले. तीनच होती. खालच्या दाढेला दोन आणि वरच्या दाढेला तीन, हे सांगावयाचे आम्ही विसरलो होतो. पहिल्या तासाला आम्ही वर्गात चूक दुरुस्त केली आणि पुडी बाकांवरून फिरविली. तिसऱ्या बाकाजवळ आली तेव्हा तो उभा राहून सर्वांना कोणते मूळ कोणत्या बाजूचे ते दाखवीत होता. ती दाढ आता प्रयोगशाळेच्या कपाटात, डावीकडच्या बाटलीत आहे. चिठ्ठी त्याच्याच अक्षरात लिहिलेली आहे.