त्याचेही शिबिर

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि आंब्यांना पाड लागला, की आपल्या वसईतील धर्मग्रामांत बालशिबिरांची लगबग सुरू होते. सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात, युवक-युवती गाण्यांची उजळणी करतात, धर्मभगिनी नावनोंदणीची वही उघडून बसतात. गेली अनेक वर्षे मी या शिबिरांत धर्मशिक्षणाचे वर्ग घेत आले आहे. त्या वहीत जी नावे सहसा येत नाहीत, त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

२०११च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. आपली धर्मग्रामे याला अपवाद कशी असतील? कुणाला ऐकू येत नाही, कुणी सेरेब्रल पाल्सीमुळे चाकांच्या खुर्चीत आहे, कुणी स्वमग्न आहे. या मुलांचे स्नानसंस्कार आपल्याच चर्चमध्ये झाले, बारशाचे जेवण आपण जेवलो. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की मात्र ते दिसेनासे होते. आई पहाटेच्या मिस्सेला एकटी येते, वडील नंतरच्या. अशाच एका मातेने मला सांगितले, “टीचर, तो मध्येच ओरडतो. लोक वळून पाहतात. त्यांचे काही चुकत नाही, पण मला आता ते सोसवत नाही.”

काही वर्षांपूर्वी ती थोरल्या मुलीचे नाव घालण्यास आली, तेव्हा नऊ वर्षांचा तो मुलगा तिचा हात धरून उभा होता. वहीवर बसलेल्या युवकाने सहज विचारले, “आणि ह्याचे नाव?” ती म्हणाली, “ह्याचे कसले नाव लिहिता!” त्याने ते लिहिले, आणि आमच्या कामास आरंभ झाला.

शिबिरापूर्वी आम्ही दोघी त्याच्या घरी गेलो. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, हे आईकडून समजून घेतले. ध्वनिक्षेपकाचा आवाज त्याला असह्य होई. तो आम्ही बंद ठेवला. पुढे काय घडणार हे आधी कळले की स्वमग्न मुलांचे मन पुष्कळदा शांत राहते. म्हणून प्रार्थना, गाणे, खेळ, खाऊ आणि घर अशी दिवसाच्या क्रमाची चित्रे पुठ्ठ्यावर काढून भिंतीला लावली. गोंगाट वाढला तर बसण्यासाठी व्हरांड्यात एक चटई टाकली आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीकडे केवळ त्याचीच जबाबदारी दिली.

सारे सुरळीत झाले असे नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एका मुलीचे केस ओढले. तिच्या पालकांची तक्रार रास्तच होती. त्याच्या आईने तर त्याला घरी न्यायची तयारी केली. आम्ही तिला थांबवले, त्याची बसण्याची जागा बदलली आणि सर्व मुलांना साध्या शब्दांत सांगितले, की त्याला मनातले बोलून दाखवता येत नाही. मुलांना ते लवकर उमगले. मोठ्यांना थोडा वेळ लागला. शेवटच्या दिवशी तीच मुलगी पुठ्ठ्यावरील चित्रे त्याला बोटाने दाखवत होती.

मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात येशू एका बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श करतो. ज्याला शब्द ऐकू येत नाहीत, त्याच्याशी प्रभू स्पर्शाच्या भाषेत बोलतो. शिबिर चालवणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट मार्गदर्शन कोणते?

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असे दाखले आहेत. फ्रान्समधील एका दांपत्याला आपल्या दोन दिव्यांग मुलांसह लूर्दच्या यात्रेत सामावून घेतले गेले नाही. त्या वेदनेतून १९७१च्या ईस्टरला लूर्द येथे सुमारे १२ हजार यात्रेकरू जमले; त्यांपैकी सुमारे ४ हजार दिव्यांग होते. त्यातूनच ‘फेथ अँड लाइट’ ही चळवळ उभी राहिली. त्याआधी, १९१० साली, संत पोप दहावे पायस यांनी सुमारे सात वर्षांच्या बालकांना ख्रिस्तप्रसाद खुला केला. मुलाला हा प्रसाद आणि साधी भाकर यांतील भेद कळावा, ही त्यातील मुख्य अपेक्षा. हा भेद ओळखण्यास पाठांतर लागत नाही. वेदीसमोर अचानक शांत होणाऱ्या मुलाला तो कळत नाही, असे कुणी म्हणावे?

स्नानसंस्काराने ही मुले या घरची झाली आहेत. त्यांना शिबिरात घेणे हे आपले औदार्य मानू नये. ती त्यांचीच जागा आहे. यंदा नावनोंदणीच्या पत्रकात एक ओळ वाढवावी : मुलाला काय आवडते, कशाची भीती वाटते, कोणती मदत लागते? सभागृहाच्या पायऱ्यांवर उतरती फळी बसवून घ्यावी. आणि विचारायचे सोडून दिलेल्या मातांच्या दारी निमंत्रण घेऊन आपणच जावे. मे महिना उजाडण्यापूर्वी जावे, म्हणजे तयारीस अवधी मिळेल.