काचेतले बिऱ्हाड

आमच्या बैठकीच्या खोलीत एक समुद्र आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. पाहुणे आले की आधी त्याच्याकडे पाहतात आणि मग आमच्याकडे. मला त्याचे वाईट वाटत नाही. मराठी शिकवणाऱ्या माणसाला श्रोत्यांनी दुसरीकडे पाहण्याची सवय असते.

ही हौस आमच्या चिरंजिवांची. गोड्या पाण्यातले मासे पाळून त्याचे मन भरले. एके दिवशी म्हणाला, "बाबा, आता खाऱ्या पाण्याचे. समुद्र तर आपल्या दाराशीच आहे, गोराईहून पाणी आणू!" बोरीवलीच्या मुलाला हे सुचणारच. पण गोराईच्या खाडीचे पाणी ज्याने ओहोटीच्या वेळी होडीतून पाहिले आहे, तो त्यात मासा सोडण्यापूर्वी माशाची क्षमा मागेल. तेव्हा दाराशी समुद्र असून आम्ही समुद्राचे मीठ विकत आणले. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने अडीचशे लिटरच्या टाकीला जवळजवळ ९ किलो! सौ. म्हणाली, "एवढ्यात माझी चार वर्षांची लोणची झाली असती."

पुढे कित्येक आठवडे टाकीत नुसते पाणी आणि दगड. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो पचवणारे सूक्ष्म जीव दगडांवर वाढेपर्यंत मासा सोडायचा नसतो. आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, म्हणून आमचे दगड साधेच, कोरडे. त्यांची एकावर एक रचना करून चिरंजिवांनी दोन गुहा आणि एक कपार तयार केली. शेजारी येऊन विचारीत, "मासे लपलेत का हो?"

अखेर पहिला भाडेकरू आला. बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि निळा म्हणजे किती निळा! कृष्णाच्या चित्रातही इतका निळा रंग कोणी वापरीत नाही. इंग्रजीत याला 'निळा सैतान' म्हणतात, हे दुकानदाराने सांगितले नाही. तो एवढेच म्हणाला, "साहेब, हा चिवट आहे. मरत नाही." अक्षरशः खरे होते. मरणारे दुसरे होते.

दोन महिने निळू एकटा राहिला. मोठी गुहा झोपायला, छोटी दुपारसाठी, कपार पाहुण्यांसाठी असावी, कारण तिथे तो कधी जात नसे. पण दुसऱ्या कोणी गेलेले त्याला चालणार नव्हते. मग आम्ही विदूषक माशांची जोडी आणली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली. निळूने त्यांना पाहिले आणि जो सुटला! दोघांना त्याने पाणी तापवायच्या नळीमागच्या कोपऱ्यात कोंबले. ते दोन इंच पुढे आले की हा बाणासारखा यायचा. दुसऱ्या दिवशी त्यांचे पर फाटलेले दिसले.

विरारहून आलेल्या गाडीत सकाळी बोरीवलीला चढू पाहणाऱ्याला हे दृश्य नवे नाही. आतली माणसे काही दुष्ट नसतात. एरवी तीच देवळात रांगेने उभी राहतात. पण गाडी विरारहून निघाली तेव्हा ती आत होती आणि आपण नव्हतो, एवढाच आपला अपराध.

कॉन्राड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचे आक्रमकतेवरचे पुस्तक १९६३ साली निघाले. त्याचा आरंभच प्रवाळातल्या या रंगीत माशांपासून आहे. भडक रंग म्हणजे लांबून वाचता येणारी जाहिरात, ती वाचून मासा आपल्याच जातीच्या प्रतिस्पर्ध्यावर धावतो आणि परक्या जातीला सहसा सोडून देतो, असे त्याचे म्हणणे. प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आमच्या निळूने लोरेन्झ वाचला नव्हता. त्याला परका, आपला, सगळे सारखेच.

याच सुमारास अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे उभे आयुष्य गिरगावात दोन खोल्यांत गेले. चाळ नव्याने बांधायला पाडली आणि इमारत उभी राहीपर्यंत, म्हणजे किती ते कोणालाच ठाऊक नसलेल्या मुदतीपर्यंत, ते बोरीवलीकर झाले. आम्ही आनंदाने त्यांची खाट बैठकीत टाकली. टाकी जिथे होती तिथे राहिली, मुलाचे टेबल जिथे होते तिथे राहिले, आणि खिडकीजवळची वेताची खुर्ची माझी राहिली. खाटेला मिळाली दारामागची जागा. दार उघडले की तिच्या पायाला लागे.

एकदा संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तर अण्णा माझ्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी काहीच बोललो नाही. नुसता उभा राहिलो, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन. क्षणभराने अण्णा उठले, "बस, बस, तुझे काम असेल," म्हणाले आणि दारामागे गेले. आणि मी बसलो! हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या तापतात.

विदूषकांपैकी एक चौथ्या दिवशी पहाटे मेला. आम्ही उठलो तेव्हा अण्णा टाकीपुढे स्टुलावर बसले होते. त्यांना रात्री झोप कमी.

"रात्रभर फिरत होता रे तो," अण्णा म्हणाले. "नव्याला टेकायला जागा ठेवली नाही या निळ्याने. याला तरी काय म्हणा! याचे घरच आहे."

मी मेलेला मासा जाळीत घेतला. तेवढ्यात अण्णांनी खाटेखालची बॅग ओढून पंचा काढला, तोंड पुसले आणि पंचा घडी करून परत बॅगेत ठेवला. तीन आठवडे झाले होते. कपाटातला एक खण आम्ही त्यांना रिकामा करून दिला होता, तो रिकामाच होता.

चिरंजिवांनी मग उपाय शोधून काढला. पाळणाऱ्यांचा हा जुना तोडगा आहे, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. जुन्या माशाला भोकांच्या पारदर्शक डबीत घालून काही दिवस टाकीतच अडकवायचे. सगळे दगड उपसून वेगळ्या तऱ्हेने रचायचे. नवे मासे आधी मोकळे सोडायचे आणि दांडगा सर्वांत शेवटी. ओळखीची गुहाच नाहीशी झाली की राखायचे काय? सगळेच त्या दिवशी गावात नवे. लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त ठेवायच्या आणि सोडताना दिवा बंद करायचा.

रविवारी हा उद्योग निघाला. मी कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात, जमिनीवर दगड, फडकी, बादल्या. सौ. कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "अहो, एवढा पसारा काढलाच आहे, तर खोलीही हलवू या." मी टाकीतून हात काढायच्या आत तिने आणि मुलाने टेबल उचलले होते. दुपारी तीनपर्यंत खोली ओळखू येईना. खाट टाकीशेजारी खिडकीखाली, टेबल दारामागे आणि वेताची खुर्ची मधोमध, कोणाचीच नाही अशी. त्या रात्री मला पाणी प्यायला उठल्यावर स्वयंपाकघर सापडेना.

अण्णा खूश होते. लहानपणी ते मला गिरगावातून चालत तारापोरवाला मत्स्यालयात नेत. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेली मरीन ड्राइव्हवरची ती वास्तू २०१५ साली काचेच्या बोगद्यासह पुन्हा सजली आणि करोनाच्या काळात तिचे दार लागले. "तिथे मी तुला काचेपासून ओढून काढायचो," अण्णा नातवासमोर म्हणाले. आता रात्री त्यांना कोणी ओढत नव्हते.

विदूषकाला दुसरा जोडीदार आणला, मुद्दाम लहान. ही जात जन्मतः नर असते. जोडीतला मोठा पुढे मादी होतो आणि मादी गेली तर नर तिची जागा घेतो. थोरला-धाकटा एकदा ठरला की भांडण संपते. हे ऐकून सौ. माझ्याकडे बघून उगाचच हसली. दोघांनी समुद्रफुलाऐवजी आमची मातीची आडवी कुंडी पसंत केली. आठव्या दिवशी, दिवा मालवून, निळूला सोडले.

सकाळी अण्णांनी मला हाक मारली. "अरे, माझी बॅग कुठे गेली? त्यात भिंग आहे."

"आजोबा, ती मी माळ्यावर टाकली," चिरंजीव म्हणाले. "भिंग तुमच्या खणात आहे."

अण्णांनी भिंग काढले आणि काचेला नाक लावले. "मोठी गुहा शोधत होता रात्री. दोन-तीनदा कुंडीवर धावून गेला, पण त्या मोठीने त्यालाच हुसकले. आता मागच्या कपारीत आहे बघ. रंग जरा काळवंडलाय."

मी वह्यांचा गठ्ठा घेऊन दारामागच्या टेबलाशी बसलो. तिथे उजेड कमी आहे आणि दार उघडले की कोपराला लागते.