एकसारखी दिसणारी नावं

यादी लावायची म्हटलं की बहुतेक लोक एक्सेल उघडतात. मी टर्मिनल उघडतो. काळ्या पडद्यावर 'सॉर्ट' हा शब्द, पुढे फाइलचं नाव, मग एन्टर. हजारो ओळी क्षणात क्रमाने लागतात. ही कमांड जुनी आहे. १९७१ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली आवृत्ती तयार झाली, तिच्यातही ती होती. मूळ फाइलला ती हात लावत नाही, लावलेली यादी फक्त समोर मांडते. एवढ्या साध्या अवजारावर माझा जीव आहे.

पण मराठी नावांची यादी तिच्यापुढे ठेवली की काही गोष्टी लक्षात येतात. संगणकाला अक्षर दिसत नाही, अक्षराचा क्रमांक दिसतो. तुमच्या यंत्रात भाषेचे नियम बसवलेले नसतील, तर सॉर्ट सरळ त्या क्रमांकांवर चालते. शाळेत आपण 'ह'नंतर 'ळ' म्हणायला शिकलो. युनिकोडमध्ये मात्र 'ळ'ची जागा 'ल'च्या शेजारी आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची जी संकेतप्रणाली झाली, तिने सगळ्या लिप्यांना एकच मांडणी दिली आणि युनिकोडने देवनागरीसाठी तीच उचलली. म्हणून यंत्राच्या यादीत 'कळ' आधी येते आणि 'कवच', 'कहाणी' नंतर. मराठी आकड्यांचंही तसंच. संख्येप्रमाणे लावायला 'डॅश एन' वापरतात, पण तिला इंग्रजी आकडेच कळतात. देवनागरीत लिहिलं असेल तर २ च्या आधी १० येऊन बसतो.

हे सगळं गमतीचं आहे. नावांपाशी आलं की गंमत संपते.

आमची नावं अरबी-फारसीतून, उर्दूतून देवनागरीत आली. येताना प्रत्येक कारकुनाने, प्रत्येक गुरुजींनी आपल्या कानाप्रमाणे ती लिहिली. एकच नाव महंमद, महम्मद, मुहम्मद, मोहंमद आणि मोहम्मद असं पाच तऱ्हेने लिहिलेलं मी पाहिलं आहे. घाईत नुसतं 'मो.' लिहिणारेही आहेत. सॉर्टने ही नावं लावली तर महम्मद आणि मुहम्मद यांच्यामध्ये माजिद, मुनीर, मुमताज असे सगळे येऊन बसतात. एकच माणूस यादीत दोन जागी असतो आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

त्याहून अवघड नुक्त्याचं. 'ज़ैनब' मधला 'ज़' संगणकात दोन तऱ्हेने लिहिता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा साधा 'ज' आणि त्याला जोडलेला वेगळा नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच. सॉर्टला मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. एक ज़ैनब जमीर आणि जावेद यांच्यामध्ये बसते, दुसरी हुसेनच्याही खाली जाते. शिवाय कुणी जैनब लिहितो, कुणी झैनब.

आमच्या मोहल्ल्यात काही जण मिळून दर जूनमध्ये गरजू मुलांना वह्या-पुस्तकं देतात. यादीचं काम माझ्याकडे असतं. नावं चार-पाच ठिकाणांहून येतात: कुणी शिक्षक, कुणी मशिदीतले मौलाना, कुणी व्हॉट्सअॅपवर. एका वर्षी चारशेच्या आसपास ओळी झाल्या. पैसे मोजके होते, म्हणून दुबार नावं काढायची होती. मदतीला आलेला इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "भाई, डॅश यू लावू या, डुप्लिकेट आपोआप निघतील." त्याने आडनावाच्या रकान्यावर सॉर्ट लावून बघितली. चारशे ओळींच्या काही डझन झाल्या. यादीत एकच शेख उरला, एकच सय्यद, एकच पठाण, एकच तांबोळी.

यंत्राने काही चूक केली नव्हती. रकाना ठरवून दिला की 'डॅश यू' त्या रकान्यापुरतंच बघते. रकाना जुळला म्हणजे माणूस तोच, बाकीच्या ओळीत काय लिहिलंय याच्याशी तिला घेणं नाही. मूळ फाइल शाबूत होती, म्हणून आम्ही हसून घेतलं. पण त्या काही डझन ओळींची छपाई झाली असती तर किती घरांत वह्या पोचल्या नसत्या, हा हिशेब हसण्यासारखा नव्हता.

मग पूर्ण ओळीवर लावली. तरी दोन प्रश्न उरले. शेख इम्रान सलीम हे नाव दोनदा होतं, अक्षर न् अक्षर सारखं. आमच्यात बसलेल्या एका बुजुर्ग चाचांना विचारलं, "चाचा, हा एकच मुलगा ना?" ते म्हणाले, "नाही बेटा, दोन आहेत. एक पंक्चरवाल्या सलीमचा, दुसरा वरच्या गल्लीतला, त्याचा बाप वारला." उलट मोहम्मद आणि महंमद अशा दोन ओळींत लांब लांब बसलेला मुलगा एकच निघाला. सारखं दिसणारं वेगळं होतं आणि वेगळं दिसणारं सारखं. हे चाचांना माहीत होतं, सॉर्टला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली आहे. आधी प्रत्येक ओळीला इंग्रजी आकड्यांत नंबर द्यायचा, म्हणजे कुठल्या कागदावरून ती आली हे शोधता येतं. वडिलांचं नाव, इयत्ता आणि घरचा फोन हे रकाने हवेतच. मग यादी एकदा नावाने लावायची, एकदा फोनने. फोनने लावली की मोहम्मद आणि महंमद शेजारी येतात. शंका असलेल्या ओळींवर खूण करायची, फोन करून विचारायचं. ओळ काढायची ती माणसाने, विचारून.

मोहल्ल्याची यादी छोटी असते, चाचा हाताशी असतात. माणसांचं रेशन, जमीन, मत ज्या याद्यांवर ठरतं, त्या लाखो ओळींच्या असतात. तिथे 'डुप्लिकेट' हा शब्द कुणी सहज उच्चारला की मला तो एकटा उरलेला शेख आठवतो. ही भीती फक्त आमची नाही. सारखी नावं पवारांत आहेत, जाधवांत आहेत. आम्हाला एका नावाची पाच रूपं मिळाली, एवढाच फरक.

सॉर्ट ओळी जवळ आणते, आणि ते काम ती उत्तम करते. जवळ आलेल्या दोन ओळी एकच माणूस आहे की दोन, हे त्या घराचं दार वाजवूनच कळतं.