पाऊणपटीचे गणित

काही वर्षांपूर्वी वसईच्या किनाऱ्यावरील एका धर्मग्रामाची धुरा आमच्याकडे होती आणि तिच्याबरोबर ओघानेच धर्मग्रामाच्या शाळेचा कारभारही आला होता. त्या वर्षी सातवीच्या वर्गात आम्ही एक मोठा डिजिटल फळा बसविला. त्यासाठी धर्मग्रामस्थांनी सढळ हाताने देणग्या दिल्या होत्या. मासळी विकून आलेल्या पैशांतून एका मावशींनी दिलेली नोट आजही आम्हांस आठवते. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही पवित्र जल शिंपडून त्या फळ्याला आशीर्वाद दिला आणि छोटेखानी भाषणही ठोकले. ‘आता आपली मुले शहरातील मुलांच्या पंक्तीस बसतील,’ असे काहीसे आम्ही म्हणालो होतो.

पहिले काही दिवस मुले हरखून गेली. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना दिसे, समुद्राचे पाणी फुगताना दिसे, अपूर्णांकांच्या रंगीत पोळ्या आपोआप कापल्या जात. पुढे सहामाही परीक्षा झाली. गणिताचे शिक्षक आजारी पडल्यामुळे उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. पाचला तीन चतुर्थांशाने गुणा, असा एक साधा प्रश्न होता. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी ‘१५/२०’ असे उत्तर लिहिले होते. वरच्या अंकालाही पाचाने गुणले आणि खालच्यालाही! १५/२० म्हणजे पुन्हा तीन चतुर्थांशच. पाच कोठे गेले, हा प्रश्न कोणासही पडला नव्हता. आमच्या लाल शाईला त्या दिवशी उसंत मिळाली नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही धक्क्यावरून चाललो असता उत्तरपत्रिकेतील अशाच एका ‘वीरा’ची गाठ पडली. तो वडिलांसोबत जाळी आवरीत होता. ‘उद्या होडी किती वाजता काढणार?’ असे आम्ही सहज विचारले. मुलगा जाळ्यावरची नजर न काढता म्हणाला, ‘फादर, उद्या पंचमी. भरती पावणेचारला. त्याच्या आधी निघायला हवे.’

आम्ही जागच्या जागी थबकलो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. म्हणजे पाचाची पाऊणपट या मुलाने क्षणार्धात आणि अचूक केली होती. तीच पाऊणपट कागदावर आली, तेव्हा त्याला ओळखू आली नव्हती. वडील मात्र खिन्नपणे म्हणाले, ‘फादर, याला गणित जमत नाही. आठवी झाली की होडीवरच घेणार.’

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. दोष मुलाचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. आमच्या लहानपणी गुरुजी पावकी, निमकी, पाऊणकी छडीच्या धाकाने घोकून घेत. ‘पाच पाऊण पावणेचार’ आम्हीही घोकले होते, परंतु त्या ओळीचा समुद्राशी काही संबंध असेल, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. आता छडी जाऊन पडदा आला होता. तथापि मूल पूर्वी ऐकत बसे, आता पाहत बसे, एवढाच काय तो फरक पडला होता.

वस्तुतः याचे उत्तर आपल्या देशात फार पूर्वीच शोधले गेले आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमधून विज्ञानशिक्षणाचा एक आगळा उपक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ ही संस्था आणि रसूलिया येथील क्वेकर ख्रिस्ती बंधुभगिनींचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी तो हाती घेतला. विद्यापीठांतील व संशोधन संस्थांतील वैज्ञानिक खेड्यांतील शिक्षकांच्या शेजारी बसले. सहावी ते आठवीची मुले गटागटाने प्रयोग करीत, नोंदी ठेवीत, त्यांवर वाद घालीत. शिक्षक तयार उत्तर हाती देत नसत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण परीक्षा पाठांतराची नव्हतीच. १९७८ पासून हा उपक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला. १९८२ साली त्यातूनच ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. २००२ साली शासनाने उपक्रम बंद केला, परंतु त्यातून निघालेली वाट बुजली नाही. त्याच उपक्रमात अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकृत्या केल्या. काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलतो. त्रिकोण मात्र हलत नाही. छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनी कळते. खर्च म्हणाल तर काही रुपयांचा!

सुटीनंतर गणिताचे शिक्षक परतले. विज्ञानाच्या शिक्षिकाबाईंनाही बोलावून आम्ही त्यांना धक्क्यावरची हकीकत सांगितली. दोघांनी मिळून मुलांकडून एक बांबू रंगवून घेतला, त्यावर वीतवीत अंतराने खुणा केल्या आणि तो खाडीत रोवला. दिवसातून एकदा तरी भरती उजेडी येतेच. मुलांनी पाळी लावून महिनाभर तिची वेळ टिपली. शेजारी तिथी आणि चंद्राचा आकार. मग वर्गात पाऊणपट करून तुलना सुरू झाली. आडाखा बराचसा जुळला, पण तंतोतंत नाही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. पाणी मात्र बाराच्या सुमारास चढले. पुनवेच्या आसपास रोजचा उशीर पाऊण तासाहून कमी, तर अष्टमीच्या आसपास तासाहूनही अधिक! असे का, हे मुलांनी विचारले. बाई म्हणाल्या, ‘मला ठाऊक नाही. आपण शोधू.’

शिक्षकाच्या तोंडचे हे वाक्य आम्हांस तरी कोणत्याही उपकरणाहून मोलाचे वाटले.

आणि मग तो डिजिटल फळा खऱ्या अर्थाने उजळला. चित्र तेच होते. पण आता मुले त्याला थांबवीत होती, मागे नेत होती, ‘आपली अष्टमी दाखवा’ म्हणत होती. चंद्राबरोबर सूर्यही पाण्याला ओढतो. पुनवेला व अवसेला दोघे एका रेषेत येतात म्हणून उधाण येते, अष्टमीला ते काटकोनात असतात म्हणून भांगाचे पाणी बेताने चढते आणि वेळही मागेपुढे होते, हे मुलांनी त्या चित्रात स्वतः हुडकून काढले. आधी डोळा, हात आणि प्रश्न, पडदा त्यानंतर. हा क्रम उलटला, एवढीच आमची चूक होती.

पुढच्या वर्षी शाळा समितीत आणखी एक फळा घेण्याचा प्रस्ताव आला. तो एक वर्ष लांबवून त्या पैशांतून तराजू, भिंगे, चुंबक, तापमापके घ्यावीत आणि शिक्षकांसाठी दर पंधरवड्याला एक अभ्यासबैठक ठेवावी, असे आम्ही सुचविले. काही पालक नाराज झाले. शेजारच्या शाळेत दोन फळे आहेत, असेही कोणी ऐकविले. त्यांचे चुकत नव्हते. दाखविण्याजोगे काहीतरी हवे, हे आम्हीच तर त्यांना उद्घाटनाच्या भाषणातून शिकविले होते. आपली चूक सभेत उभे राहून कबूल करणे आम्हांस सोपे गेले नाही. ती कबूल केल्यावर प्रस्ताव मान्य झाला. पालकहो, शाळेत किती पडदे आहेत हे जरूर विचारा. पण घरी आलेल्या मुलाला ‘आज काय मोजलेस?’ हेही विचारीत जा.

पालकसभेच्या दिवशी मुलांचा भरतीचा तक्ता व्हरांड्यात लावला होता. त्या मुलाचे वडील त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. अष्टमीच्या नोंदीवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘हे बरोबर आहे. भांगाला पाणी उशीर करते, आमच्या बापालाही माहीत होते. का करते, ते मात्र कधी कळले नाही.’

‘मी सांगतो, बाबा,’ असे म्हणून मुलाने खिशातून खडू काढला आणि व्हरांड्याच्या फरशीवर सूर्य, पृथ्वी आणि चंद्र काढावयास सुरुवात केली. वडील त्याच्याजवळ उकिडवे बसले.