वाटेचे पैसे

खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा चढतात. शिडी घाट जवळचा, उभा, कातळाला लोखंडी शिड्या लावलेला. गणेश घाट लांबचा, पण वयस्क माणसालाही दमादमाने जमणारा. पदरगडाच्या बाजूला, डोंगराच्या मधल्या टप्प्यावर दोन्ही एकत्र येतात आणि तिथून उरते ती शेवटची, घाम काढणारी चढण. शिडीने वर जायचं आणि गणेश घाटाने उतरायचं, ही भटक्यांची ठरलेली फेरी. मंचरकडून एसटीने थेट वर जाता येतं. तरी महाशिवरात्रीला कोकणातली माणसं अजून याच वाटांनी चढतात.

मी काही देवासाठी गेले नव्हते. डोंबिवलीच्या शाळेतल्या तरुण शिक्षकांनी आग्रह केला आणि पन्नाशीला टेकलेली मी निघाले. पहिली शिडी पार पडली. नंतर कातळाला चिकटून आडवं जायची एक जागा आली आणि माझे गुडघे लटपटायला लागले. पुढून सगळे ओरडत होते, ‘बाई, खाली बघू नका!’ मी डोळेच मिटून घेतले.

मागून बाजाराची पिशवी डोक्यावर घेतलेले एक गृहस्थ येत होते. मधल्या टप्प्यावरच्या पदरवाडीचे. मला ओलांडून जाण्याएवढी जागा नव्हती, त्यामुळे ते थांबले.

‘ताई, डोळं उघडा. खाली बघा.’

‘भीती वाटते हो.’

‘पाय कुठं ठेवाल मग? पायाची जागा खालीच हाय.’

दरीकडे नाही, पावलाकडे बघायचं, हे त्यांनी मला बोटाने खाचा दाखवून शिकवलं. ही खाच, आता ती, आता हात हलवा. घाई नाही आणि धीर देण्याची भाषणंही नाहीत. वाडीपर्यंत ते माझ्या मागेच चालले. त्यांच्या घरी आम्ही पिठलं-भाकरी जेवलो. त्यांना मी मामा म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला मामी. जेवणाचे पैसे मामींनी चोख हिशेब करून घेतले. एक भाकरी जास्तीची झाली होती, तीही मोजली. मी मामांना वेगळी नोट देऊ लागले, तर त्यांना उमगेचना.

‘हे कशाचं?’

‘वाट दाखवलीत त्याचं.’

‘मी घरीच चाललो होतो की!’

नोट पर्समध्ये परत गेली आणि ऋण माझ्याकडे राहिलं. पुढे वर्षानुवर्षे मी ते फेडायला गेले आणि दर खेपेला वाढवून आले. चांगली टॉर्च नेली, तर पाटीभर करवंदं मिळाली. मामींना साडी नेली, तेव्हा मामा जेवण झाल्यावर आमच्याबरोबर रानात वरपर्यंत आले. अंजनी-जांभळांच्या त्या दाट सावलीत त्यांनी शेकराची घरटी दाखवली. मी ती कावळ्याची समजत होते. बारीक फांद्यांच्या टोकाशी, जिथे जड जनावर पोहोचणार नाही, तिथे काटक्यापानांचे हे गोळे. एकच शेकरू अशी चार-सहा घरं बांधून ठेवतं. डोंबिवलीत एका घराचे हप्ते फेडताना आमची हयात गेली, असं मी म्हणाले, तेव्हा मामा पहिल्यांदा मोठ्याने हसले.

हे रान १९८५ साली अभयारण्य झालं. मी त्याविषयी वर्गात उत्साहाने शिकवत असे: शेकरू, राज्यप्राणी, संरक्षण. मामा काही त्याविरुद्ध बोलत नसत. लाकूडफाट्यासाठी मात्र आता विचार करून पाऊल टाकावं लागतं, एवढंच सांगत. त्यानंतर माझा तो धडा पूर्वीसारखा सोपा राहिला नाही. हेही त्यांच्याच खात्यावरचं येणं. काम नसताना माणसं डोंगर का चढतात, हे कोडं मात्र मी त्यांना कधीच उलगडून सांगू शकले नाही.

वरच्या देवळापाशी पोर्तुगिजांची घंटा आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजीअप्पांनी आणलेली, हे मी मामांना सांगितलं. ‘एवढं जड धूड वर चढवलं कुणी?’ हा त्यांचा प्रश्न होता. उचलणाऱ्यांची नावं माझ्या पुस्तकात नव्हती.

यंदा मामांचे गुडघे बोलू लागलेत. वाडीच्या वर ते जात नाहीत. मी निघताना त्यांनी कमरेच्या पिशवीतून पैसे काढले. देवाला नारळ फोडायचा होता.

‘मी घेईन हो माझ्या पैशाने.’

‘मग तो तुमचा नारळ झाला. माझा कुठला?’

पैसे घेतले. वर नारळ घेतला, फोडला, पाच रुपये उरले. उतरताना वाकडी वाट करून वाडीत गेले आणि अर्धी वाटी व ते पाच रुपये मामांच्या हातावर ठेवले. त्यांनी नाणं उलटसुलट करून बघितलं आणि ठेवून दिलं. मग विचारलं, ‘दुसऱ्या शिडीचा तो डावीकडचा दांडा अजून हलतो का?’

‘हलतो.’

‘पुढच्या टायमाला उजवा धरा,’ म्हणाले, आणि मामींना चहा टाकायला सांगितलं. चहाचे पैसे घेतले.